नवाकोरा ठोकळा

छत्री भिजेल म्हणून पावसात स्वतः भिजणारा माणूस, अशी हिराजी चोगलेची अख्ख्या बंदरात ख्याती होती.

गेल्या वर्षी मिस्त्रीने त्याच्या नव्या बोटीच्या लोखंडी सुकाणूवर जस्ताचा ठोकळा बसवला. "खाऱ्या पाण्याला काहीतरी खायला लागतंच. ते जस्त खाईल आणि लोखंडाला सोडेल," असं त्याने बजावलंही. पण एवढी महागाची वस्तू पाण्याला कोण खाऊ घालतं? मिस्त्रीची पाठ वळताच हिराजीने ठोकळ्यावर भारीतल्या रंगाचे जाड हात चढवले.

आता नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली. किनाऱ्यावर ओढलेल्या बोटीचं शेवाळ मिस्त्रीने खरवडलं आणि कपाळावर हात मारून घेतला. सुकाणूची पार चाळण झाली होती.

"ठोकळ्याला रंग कोणी फासला?" तो ओरडला.

हिराजीने लुंगीच्या टोकाने ठोकळा हळूच पुसला. रंगाचा टवकासुद्धा उडाला नव्हता.

"पण हा बघ की! कसा नवाकोरा राहिलाय!"

जेवणाचा डबा घेऊन आलेली सुगंधा नवऱ्याकडे बघतच राहिली. मग डबा वाळूत आपटून म्हणाली, "आता त्या ठोकळ्यावर बसूनच जावा मासे मारायला!"