कड्याचा सांधा

माऊलीने लोखंडी पट्टीचं कडं बाकावर ठेवलं आणि त्याच्या शेजारी कुलपाचे दोन कान मांडले. करंगळीच्या नखाएवढे कान. कड्याच्या दोन टोकांना ते जोडायचे, त्यांत कुलूप अडकवायचं, की काम संपलं. एवढ्याशा कामाला त्याने अख्खी सकाळ घालवली होती. वेल्डिंगचं मशीन शेजारीच उभं होतं, पण त्याला त्याने हात लावला नव्हता. कुठल्याशा डब्यातून कथील शोधून काढून, ते वितळवून तो डाख द्यायला बसला होता.

रोहिणी, त्याची बायको, ओट्यावरून बघत होती. तिच्या हातात सासऱ्यांचं, आबांचं, मनगट होतं. दोन दिवसांपूर्वी ते मनगट जरा वेळ सुटलं आणि दत्तोबा मिस्त्री कळंबच्या कॅनॉलमध्ये छातीभर पाण्यात उभे सापडले. उसाची ट्रॉली घेऊन निघालेल्या एका ट्रॅक्टरवाल्याने ओढून काढलं म्हणून आज ते ओट्यावर होते. खोलीत कोंडून बघितलं, तर दारावर डोकं आपटून त्यांनी कपाळ फोडून घेतलं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी नजर जड व्हायची, पाय काही थांबायचे नाहीत. नवरा दिवसभर बाहेरच्या कामावर, एकट्या बाईने म्हाताऱ्याचं मनगट धरून किती बसावं? साखळीचं नाव शेवटी तिनेच काढलं, आणि काढल्यावर रडलीही तीच.

"डाखानं धरंल का ते?" तिने विचारलं.

"पट्टी पातळ हाय. वेल्डिंगचा आर्क मारला तर भोक पडंल."

"तुमच्या हातानं आजवर कधी पडलंय भोक?"

माऊली कथील तापवत राहिला. डाख दोन हिसक्यांत निघणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच तो डाख देत होता. बापाच्या पायात कडं घातलं असंही व्हावं आणि घातलं नाही असंही व्हावं, असा त्याचा चोरटा डाव होता. कडं तुटलं तर कॅनॉल हाकेच्या अंतरावर आहे, हेही त्याला कळत होतं. कळत असून हात तिकडेच जात होता.

कान चिकटले. सांधा दिसायला देखणा झाला, नव्या भांड्यासारखा चकाकायला लागला.

ती चकाकी बघून आबा उठले. मनगट धरलेलं होतं, तेव्हा रोहिणीलाही उठावं लागलं. आबा बाकापाशी आले, कडं उचलून डोळ्यांजवळ धरलं. पोराचं नाव त्यांच्या ध्यानातून गेलं त्याला वर्ष होत आलं होतं. आपण जेवलो की नाही, हेसुद्धा त्यांना सांगावं लागायचं. पण कडं त्यांनी शिकंज्यात बरोबर आवळलं, न बघता हातोडी उचलली आणि कानावर एक हलका ठोका दिला. कान उडून मातीत पडला.

"पाव्हणं, हे कुनी शिकवलं तुमाला?"

"तुमीच की, आबा."

"मी?" आबांनी माऊलीला खालून वर न्याहाळलं. "मी असलं लबाड काम शिकवत न्हाय."

माऊलीला मान वर करवेना.

"आर्क मारा," आबा म्हणाले. "बारीक रॉड लावा, करंट उतरवा. पातळ पट्टीला एका दमात मारायचं न्हाय. एक टाका मारला की थांबायचं. गार झाली की दुसरा. आतनं बी आन् भाईरनं बी."

माऊलीने रोहिणीकडे बघितलं. ती दुसरीकडे बघत होती. त्याने डाख खरवडून काढला, कडं घासून घेतलं आणि मशीन चालू केलं. आबांनी पक्कड मागून घेतली, कान कड्यावर धरला आणि ठिणगी पडायच्या आत आपणहून तोंड फिरवलं. एरवी पाण्याचा तांब्या धरताना थरथरणारा तो हात जराही हलला नाही. काळ्या काचेआड माऊली रडत होता. काच होती ते बरं झालं, नाहीतर आबांनी कारण विचारलं असतं आणि त्याला सांगता आलं नसतं.

दुसरा कानही बसला. सांधे निवल्यावर आबांनी हातोडीने ठोकून बघितलं, आधी हळू, मग जोरात. काही हललं नाही. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान आलं.

"आता बैलाला बी तुटायचं न्हाय. कुनाचं जनावर हाय?"

"घरचंच हाय, आबा."

"वढाळ हाय व्हय?"

"व्हय. सारखं कॅनॉलकडं जातंय."

"मग बांधायलाच पायजे," आबा म्हणाले. त्यांनी कड्याच्या आतून अंगठा फिरवला आणि एका जागी थांबवला. "पर हितं घासंल. मुकं जनावर, दुखलं तरी सांगायचं न्हाय कुनाला."

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, दातांत धरून त्याची लांब पट्टी फाडली आणि खाली बसून ती कड्याला आतून गुंडाळू लागले.