अर्धा चिकू

"काकू, फळातल्या साखरेचा एवढा धसका घेऊ नका. रोज अर्धा चिकू चालेल. फक्त वहीत लिहीत जा," दवाखान्यातली आहारतज्ज्ञ मुलगी म्हणाली आणि कुमुदकाकूंच्या काळजात चर्र झालं.

घोलवडला त्यांची घरची चिकूची बाग. पण नवऱ्याला, अण्णांना, मधुमेह निघाला तसा काकूंनी त्यांचा चिकू कायमचा बंद केला. "साखर ती साखर! झाडावरची काय नि डब्यातली काय!" डॉक्टरांना विचारायची गरजसुद्धा त्यांना वाटली नाही. अण्णा अढीतले पिकलेले चिकू वासावरून निवडायचे, गिऱ्हाइकांना द्यायचे आणि रोज संध्याकाळी खाल्लेलं सगळं लिहून वही बायकोपुढे तपासायला सरकवायचे. सहा वर्षं असं चाललं. गेल्या माघात ते गेले. आणि आता काकूंनाच मधुमेह निघाला होता.

घरी आल्यावर काकूंनी चिकू कापला. लिहायला वही हवी, म्हणून अण्णांचीच अर्धी कोरी राहिलेली वही काढली. शेवटची नोंद त्यांच्या वळणदार अक्षरात होती: 'दोन भाकरी, दुधी, ताक. चिकू: नुसता वास घेतला.' खाली काकूंनीच केलेली बरोबरची लाल खूण.

खोलीत चिकूचा गोड वास दाटला होता. समोरच्या खुर्चीवरून कुणीतरी पुढे वाकून तो हुंगतंय, असं काकूंना वाटलं. त्यांनी फोड ओठांपर्यंत नेली आणि तशीच बशीत ठेवली. मग त्या लाल खुणेखाली लिहिलं: 'चिकू: नुसता वास घेतला.'

आणि वही तपासायला रिकाम्या खुर्चीपुढे सरकवली.