अख्खी काच

चर्चच्या मनोऱ्याखालच्या भिंतीत माणसाच्या उंचीची एक भेग होती आणि तिच्यावर आडवी, दोन बोटं रुंद काचेची पट्टी सिमेंटने चिकटवलेली होती. म्हातारा गवंडी तिच्यासमोर उभा राहिला तो हलेचना.

सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं. मुलाने हौसेने सगळ्यांना शहरातली जुनी देवळं आणि चर्च बघायला आणलं होतं, आणि हा एक डोळा मिटून खांब ओळंब्यात आहेत का ते पाहत होता. पहिल्या देवळात तर त्याने गाभाऱ्याकडे पाठ करून दगडांच्या सांध्यांचं तोंड भरून कौतुक केलं. देवाला तरी हात जोडा, असं मुलाला सांगावं लागलं.

आता मुलगा नातीला घेऊन मनोऱ्यावर गेला होता. बाराची घंटा अगदी जवळून ऐकायची, असा तिचा हट्ट होता. कुठल्याशा सहलीतली तीसेक माणसंही त्यांच्यामागून चढली होती. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून म्हातारा खाली राहिला आणि त्याच्या सोबतीला सून.

"केवढी भेग आहे ही," सून म्हणाली. "बाबा, काही होणार नाही ना?"

म्हाताऱ्याची कळी खुलली. अशा पट्ट्या त्याने स्वतः कितीतरी भिंतींवर बसवल्या होत्या. भिंत केसाएवढी सरकली तरी काच तडकते, त्याने समजावलं. काच अख्खी, म्हणजे भिंत जागच्या जागी. पट्टीवर काळ्या रंगाने तारीख लिहिलेली होती, अकरा वर्षांपूर्वीची. अकरा वर्षांत साधा तडा नाही, म्हणजे ही भिंत आपल्या सगळ्यांना पुरून उरेल. सुनेचा जीव भांड्यात पडला.

मग निव्वळ सवयीने त्याने सिमेंटवर नख ओढलं. पांढरा ओरखडा उठला. अकरा वर्षं मुरलेल्या सिमेंटवर नख चालत नाही. त्याने बोट टेकवून पाहिलं, तर बोटाला ओल लागली.

जवळच बाकं पुसत असलेल्या रखवालदाराला त्याने हाक मारली. रखवालदार हसतमुखाने आला. या कोपऱ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, म्हणाला. काच कालच त्याने स्वतःच्या हाताने बसवली होती.

"फुटकी काच बरी दिसत नाही हो, आजोबा. तपासणीचे साहेब आले की आधी तीच बघतात. अख्खी दिसली की खुशीत जातात."

"आणि तारीख?"

"तीच, जुनी. बघून उतरवतो. साहेबांनी लिहिलेली तारीख आपण कशी बदलायची?"

माणूस सरळ होता. त्या सरळपणाचीच म्हाताऱ्याला भीती वाटली. आतापर्यंत किती काचा लागल्या, असं त्याने विचारलं. रखवालदाराने आठवून सांगितलं: पूर्वी एक काच दोन-तीन वर्षं जायची. यंदा महिन्याला एक लागली. या आठवड्यातली ही तिसरी.

"घंटा थांबवा," म्हातारा म्हणाला. "आणि वरची माणसं खाली बोलवा."

रखवालदाराने हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. घंटा आता यंत्रावर वाजते, तिला कोण थांबवणार, असं तो म्हणाला. सून तेवढ्यात जिन्याकडे धावली होती. नवऱ्याच्या नावाने तिने मारलेल्या हाका वरच्या गलक्यात विरून गेल्या. म्हातारा कठड्याला धरून दोन पायऱ्या चढला. वरून नातीचं खिदळणं ऐकू येत होतं.

घंटेचा पहिला ठोका पडला. भेगेतून चिमूटभर भुकटी खाली आली आणि मागून बारीकसा आवाज झाला, टक्. म्हाताऱ्याने वळून पाहिलं नाही. तो तिसऱ्या पायरीवर पाय ठेवत होता आणि अजून अकरा ठोके पडायचे होते.

"बघा, गेली परत," रखवालदार हळहळला. त्याने खिशातून नवी काच काढली आणि ती सदऱ्याला पुसायला लागला.