नव्या गाडीचा पंखा

दारात नवी मारुती आली त्याच दिवशी पुतळाने एकवीरा आईला शब्द दिला होता, गाडी तुझ्या पायथ्याशी आणीन, मगच म्हावरं-मासळी खाईन. आज जायचा ठरलेला मंगळवार उजाडला, तर तिचा नवरा हिरामण सकाळपासून बॉनेटमध्ये डोकं घालून उभा. इंजिन चालू होतं, पण रेडिएटरचा पंखा काही फिरेना. हिरामणने जन्मभर दुसऱ्याची फियाट हाकलेली. तिचा पंखा पट्ट्यावर, इंजिन लागलं की गरगरणारा. त्याने फ्यूज काढून पाहिला, तो शाबूत होता. बॅटरीवरून थेट तार लावली तर पंखा फिरला. तार सोडली की पुन्हा ढिम्म.

"घाटात पानी उकळंल, अगो. आज नाय जायाचं," म्हणत तो इंजिन बंद करायला वळला.

"राहू द्या चालू. गाडीत बसून आईचं नाव तरी घेते," म्हणून पुतळा ओटीचं ताट मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली.

तिचं नाव घेणं रंगात आलं आणि पुढून घर्रर्र आवाज झाला. पंखा आपला आपण फिरत होता. हिरामणने पाण्याच्या नळीला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

"म्हंजे, तापल्याबिगर ह्यो उठतच नाय?"

"तुमच्यावानीच, एरवी ढिम्म," पुतळा हसून म्हणाली. "अन् मला ताप भरला तवा रातभर उशाशी बसून वारा कोन घालीत होता? चला आता, आई वाट बघते. ही चारचाकी पोर तुमच्यावरच गेलीय."