पुसलेला चेहरा

माहितीपट संपला आणि थायलंडमधल्या त्या छोट्या सभागृहात दिवे लागले. लष्करी राजवटीत ब्रह्मदेशातून चोरून बातम्या पाठवणारी आणि आता हा माहितीपट बनवणारी थिडा मंचावर आली. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक म्हातारी उठली.

"मासळीबाजारातल्या प्रसंगात माझा चेहरा का पुसलात?"

थिडाने आवाज ओळखला. त्या बाजारात मासळी विकायच्या मिषाने बसलेल्या थिडाच्या टोपलीला एका सैनिकाने हात घातला होता. टोपलीला भोक पाडून आत कॅमेरा लपवलेला होता. तेव्हा शेजारची अनोळखी मासळीवाली त्याच्यावर कडाडली होती, "माझ्या सुनेचा माल नासवतोस? हो बाजूला!" सैनिक ओशाळून निघून गेला होता.

थिडाने धावत जाऊन म्हातारीचे हात धरले. "मावशी, तुम्हाला पकडतील म्हणून पुसला. किती शोधलं मी तुम्हाला!"

"आता मी इथेच लेकाकडे असते. मला कोण पकडतंय? दाखव की चेहरा."

पुढच्या खेळाला म्हातारी सगळ्या शेजारणींना घेऊन पहिल्या रांगेत बसली. आता चेहरा पुसलेला नव्हता; पडद्यावर स्वतःला सैनिकावर ओरडताना तिने मन लावून पाहिलं.

"अजून चार शिव्या घालायला हव्या होत्या," ती म्हणाली, आणि अख्खी रांग हसली.