बोट ठेवलं तिथं

"शिकारीचा तळ कुठं ठोकायचा, बाबा? नेमकं बोट ठेवा." टेटनं जुना नकाशा स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला आणि त्याची चार टोकं चार मगांखाली दाबली.

ऑरिननं बोट ठेवलं नाही. त्याची नजर नकाशाशेजारच्या कागदावर होती. पोराच्या अक्षरात यादी होती: खोगिरं दोन, टेट आणि लायल. ओझ्याला तीन घोडे. तंबू, पत्र्याची शेगडी, करवत, पीचचे डबे, घडीची खाट एक.

खोगिरं दोन. ऑरिननं पुन्हा वाचलं.

"माणसं किती?" त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"दोघंच. मी आणि लायल." टेटनं मान वर केली नाही.

लायल म्हणजे टेटचा सासरा, ऑरिनचा व्याही. गावात फर्निचरचं दुकान, अंगानं जाडजूड. धनुष्य विकत घेतलं ते यंदाच्या वसंतात, आणि दोरी ओढताना अजून जीभ बाहेर यायची. ज्या खोऱ्यात ऑरिननं चाळीस वर्षं एल्कची थोराड हरणं मारली, तेही तीस पावलांवर दबकत जाऊन, एका बाणात, त्या खोऱ्याचा पत्ता आता या माणसाच्या हवाली करायचा होता. पोटच्या पोरालाही त्यानं तो कधी सांगितला नव्हता.

ऑरिन चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी निखळला होता. पण हा सगळा उन्हाळा तो रोज पहाटे गवताच्या गंजीमागे जाऊन, कुणाच्या नकळत, बाण मारत होता. मे महिन्यात दोरी छातीपर्यंतही येत नव्हती. आता गालाला लागत होती. एकदा, शेवटचं एकदा वर जायचं, एवढीच त्याची इच्छा उरली होती. टेट आपणहून विचारेल या आशेवर तो होता. मागणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"खाट कुणाला रे?"

"जमिनीवर झोपून पाठ धरते," टेट गुळमुळीत म्हणाला.

"नाजूक पाठ दिसते व्याह्यांची. पाय चेपायला एक माणूसही बांधून घे घोड्यावर. पीच घेतलेत ते बरं केलं. निदान आवड तरी चांगली आहे त्यांची."

टेट हसला. "वाट सोपी सांगा हं, बाबा. फार चढ नको. वय झालेल्या माणसाला झेपेल अशी."

ऑरिनच्या डोक्यात तिडीक गेली. लायल जेमतेम साठीचा! त्याच्या गुडघ्यांची केवढी ही काळजी, आणि बाप मात्र घरी बसून कुत्र्याला भाकर घालणार.

त्यानं बोट उचललं. खरं खोरं ओढ्याच्या डाव्या अंगाला होतं. रुंद वाट, झऱ्याचं पाणी, घोड्यांना गुडघाभर गवत. त्यानं बोट उजवीकडे सरकवलं आणि कड्यापलीकडच्या एका सपाटीवर ठेवलं. तिथं जाणाऱ्या उतारावर बारा वर्षांपूर्वी वणवा लागला होता. जळके ओंडके एकमेकांवर आडवेतिडवे पडले होते. नकाशा वणव्याच्या आधीचा होता.

"इथं," तो म्हणाला. "डोळे मिटून जाल."

टेटनं लाल पेन्सिलीनं फुली मारली. ऑरिनला बरं वाटलं. दुपारपर्यंत लायल घामाघूम होऊन माघारी फिरेल. फार तर एक दिवस वाया जाईल, जाऊ दे.

"ज्युनिपरला मात्र नेऊ नका," तो म्हणाला. ज्युनिपर त्याची घोडी. सोळा वर्षं तिच्या पाठीवर दुसरं कुणी बसलं नव्हतं.

"बघू," म्हणत टेटनं नकाशाची घडी घातली.

शनिवारी ते निघाले तेव्हा ऑरिन मुद्दाम अंथरुणात पडून राहिला. गवत टाकायला तो कुंपणाशी गेला, तेव्हा सहाही घोडे गेले होते, ज्युनिपरसुद्धा.

त्यानं फाटक घट्ट धरलं. त्या ओंडक्यांत तिचे पाय! अजून वेळ गेली नव्हती. पायवाट सुरू होते तिथं ओझी बांधायला त्यांना दोन तास तरी लागणार होते. पिकअपची किल्ली खिशातच होती. पण गाठून सांगायचं काय? मी खोटं बोललो म्हणून? तेही आपल्याच घोडीवर बसलेल्या लायलच्या देखत?

"घोडीसुद्धा दिली व्याह्याला," तो पुटपुटला. "भोगा आता." आणि घरात जाऊन त्यानं कॉफी टाकली.

रविवारी संध्याकाळी घोड्यांचा ट्रेलर अंगणात आला. ऑरिन पायरीवरून मोजत होता. पाचच घोडे उतरले.

लायलच्या दोन्ही तळहातांना चिंध्या बांधल्या होत्या. त्यानं ऑरिनकडे पाहून टोपी काढली आणि घोडे आत न्यायला सुरुवात केली.

"ज्युनिपर?" ऑरिननं विचारलं.

"दोन ओंडक्यांत पाय अडकला. हाड बाहेर आलं होतं." टेट म्हणाला. "गोळी घालावी लागली, बाबा. मीच घातली."

ऑरिननं रिकाम्या ट्रेलरमध्ये डोकावून पाहिलं. "सांगितलं होतं ना नेऊ नको म्हणून! त्या ठोंब्याला बसवायला दुसरं जनावर नव्हतं तुला?"

"कुणी बसलं नव्हतं तिच्यावर. मोकळीच चालवत नेली. वाट एकदा तिच्या पायाखालून जावी म्हणून." टेटनं खिशातून घामानं मऊ पडलेलं पाकीट काढून बापाच्या हातात दिलं. "गुरुवारी ती तुम्हाला वर नेणार होती."

आत शिकारीचा परवाना होता. एकच. धनुष्यबाण, एल्क एक. नाव ऑरिनचं.

"परवान्याच्या सोडतीचा फॉर्म मी भरला होता. बुधवारी वाढदिवसाला देणार होतो. गंजीमागे रोज पहाटे काय चालतं ते आमच्या खिडकीतून दिसतं, बाबा." टेटनं बाहीनं डोळे पुसले. "लायलनं नऊ तास करवत चालवली. तुम्ही गेला होतात तेव्हा ती झाडं उभी असतील, त्यात तुमचा काय दोष? पण तंबू ठोकून आलोय. तुमची खाटही मांडून ठेवलीय. तुम्ही बोट ठेवलंत ना, अगदी तिथंच."