फायर लाइनचा आकडा

भाग्यश्रीचा आकडा पुन्हा गेला. डिस्प्लेवर नुसत्या आडव्या रेघा.

शेजारच्या डिस्प्लेवर मात्र सात पॉइंट एक ऐटीत उभा होता. तो उद्धवरावांचा. चाकणच्या त्या कारखान्यात आग विझवायच्या पाण्याची लाइन पार मागच्या कुंपणापर्यंत गेलेली. तिथला दाब पुढच्या गेटवर दिसायला हवा होता, आणि मधला रस्ता खणून केबल टाकायला कंपनी तयार नव्हती. म्हणून दोघांना सांगितलं होतं, एकाच पाइपावर आपापली दाब मोजायची पेटी बसवा, रेडिओ मोडेमनं बिनतारी आकडा गेटवर आणा. ज्याचा आठवडाभर टिकेल, त्याला सगळ्या प्लांटचं काम. आज आठवडा संपत होता. उद्धवरावांचा आकडा एकदाही गेला नव्हता. भाग्यश्रीचा रोज कितीदा तरी जायचा.

"पोरी, तुझी जागा अजून भरली नाही मी," उद्धवराव चहाचा घोट घेत म्हणाले. "सोमवारपासून ये. त्यात कसली लाज?"

ती काम शिकली त्यांच्याकडेच. मग नोकरी सोडून मोशीत पत्र्याचा गाळा घेतला, दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली. हे काम हातचं गेलं तर पाटी उतरणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि उतरवून पुन्हा यांच्याच हाताखाली! नुसत्या कल्पनेनं तिचं डोकं भणाणलं.

"साहेब, शेवटचं एकदा बघू द्या," ती मेंटेनन्सच्या जगताप साहेबांना म्हणाली.

"बघा मॅडम. पण शिफ्ट सुटायच्या आत निकाल लावायचाय मला."

लॅपटॉप काखोटीला मारून ती मागच्या कुंपणाकडे गेली. अँटेना, वायरी, जोड, सगळं तिनं आधीच दहादा तपासलं होतं. या वेळी तिनं कशालाच हात लावला नाही. पेटीला लॅपटॉप जोडून नुसती बघत बसली. व्यवस्था साधी होती. गेटवर डिस्प्लेला जोडलेला सेट ठरावीक वेळानं विचारायचा, 'दाब किती?' पेटी उत्तर द्यायची. पण इथं प्रश्न दुप्पट येत होते! एक तिच्या सेटचा, दुसरा आणखी कुणाचा तरी, चांगला जोरकस. तिची पेटी भाबडेपणानं दोघांनाही उत्तर देत होती. दोन्ही प्रश्न एकदम आले की तिच्या सेटचा दबून जायचा.

भाग्यश्रीनं कपाळावर हात मारला. दोघांचे मोडेम एकाच बनावटीचे, आणि दोघांनीही ते खोक्यातून काढून जसेच्या तसे लावलेले. तोच चॅनेल, पेटी ओळखायचा नंबरही तोच. 'चालतंय ना? मग सेटिंगला हात लावायचा नाही,' हे उद्धवरावांचं वाक्य ती आजवर इमानानं पाळत आली होती. आज तिनं हात लावला. आपल्या पेटीचा चॅनेल बदलला, नंबर बदलला.

लगेच फोन वाजला. "मॅडम, काय केलंत हे? दोन्ही आकडे गेले!"

धापा टाकत ती गेटवर पोचली. उद्धवराव लालबुंद झाले होते. "स्वतःचा चालत नाही म्हणून माझा पाडलास?"

"सर, तुमच्या पेटीला मी शिवलेसुद्धा नाही."

खरं तर त्यांचा आकडा का गेला, ते तिलाही कळेना. तिनं घाईघाईनं आपल्या गेटवरच्या सेटमध्ये नवा चॅनेल, नवा नंबर भरला. रेघा गेल्या. सात पॉइंट एक. आकडा उभा राहिला तो हलेचना. आनंदानं ओरडावंसं वाटलं तिला. शेजारी उद्धवरावांच्या डिस्प्लेवर मात्र अजून रेघाच होत्या.

जगताप साहेबांनी फायरमन ज्योतीरामला मागं पिटाळलं. थोड्या वेळानं वॉकीटॉकी खरखरला.

"साहेब, ताईंच्या पेटीचा दिवा लागतोय. दुसरीचा बंद हाय. फ्यूज उडालाय, आत मुंग्यांनी घर केलंय. लई दिसापासनं बंद दिसतीय."

जगताप साहेबांनी त्या रेघांकडे पाहिलं, मग भाग्यश्रीकडे पाहिलं, आणि ते खो खो हसत सुटले.

"म्हणजे उद्धवराव, इतके दिवस तुमचा आकडासुद्धा यांचीच पेटी पाठवत होती!"